रोबिनिया लावायचाय? आधी हद्द आखा, मग खड्डा घ्या

रोबिनिया या झाडाचं ब्लॅक लोकस्ट हे इंग्रजी नाव ऐकून पहिल्यांदा डोळ्यांसमोर टोळधाड येते. टोळाचा इथे काही संबंध नाही. अमेरिकेत आलेल्या सुरुवातीच्या युरोपीय लोकांना या झाडाच्या शेंगा आणि पाला पाहून भूमध्य सागराकाठच्या कॅरोब नावाच्या शेंगांच्या झाडाची आठवण झाली. कॅरोबला इंग्रजीत लोकस्टही म्हणतात, तेच नाव इकडे चिकटलं. शास्त्रीय नाव रोबिनिया स्यूडोअकेशिया. स्यूडोअकेशिया म्हणजे खोटी बाभूळ, आणि रोबिनिया हे फ्रान्सच्या राजाचा माळी जाँ रोबँ याच्या नावावरून. १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने हे नाव पक्कं केलं. पॅरिसमध्ये नोत्र दामसमोर, नदीपलीकडच्या एका छोट्या बागेत १७व्या शतकाच्या सुरुवातीला लावलेला रोबिनिया टेकू देऊन आजही उभा आहे. शहरातलं सर्वांत जुनं झाड म्हणून तो दाखवला जातो.

मूळ घर अमेरिकेच्या पूर्व भागातलं: अ‍ॅपलेशियन डोंगररांगा आणि ओझार्कचा पठारी प्रदेश. तिथून हे झाड जगभर गेलं. हंगेरीत एकूण जंगलाचा जवळजवळ चौथा हिस्सा याचाच आहे, चीनच्या लोएस (वाऱ्याने आणलेल्या भुसभुशीत मातीच्या) पठारावर माती धरून ठेवायला ते मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं, आणि आपल्याकडे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरात ते रुळलं आहे. याला हिवाळ्यात पानगळ करून झोपायला थंडी लागते. उष्ण, दमट सखल भागात त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

या झाडाचे जितके गुण तितकेच दोष, आणि दोन्ही एकाच स्वभावातून येतात: ते हटत नाही. लाकूड कुजायला नकार देतं, मुळं मरायला नकार देतात. म्हणून लावायचं कसं याच्या आधी, ते कुठे थांबवायचं हे ठरवावं लागतं.

ओळख पटवून घ्या

पान संयुक्त असतं, देठाच्या दोन्ही बाजूंना लंबगोल पर्णिका आणि टोकाला एक सुटी, म्हणून संख्या बहुधा विषम. सात ते एकवीसपर्यंत मोजता येतात. रात्री पर्णिका खाली मिटतात. पानाच्या बुडाशी दोन छोटे काटे जोडीने, मांजराच्या नखांसारखे. कोवळ्या फांदीवर ते चांगले बोचतात, जुन्या खोडावर नसतात. साल जून झाली की जाड होते आणि तिच्यावर दोरखंड पिळल्यासारख्या, एकमेकांत गुंतलेल्या खोल खाचा पडतात. वसंताच्या शेवटी पांढऱ्या फुलांचे लोंबते घोस येतात, वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचे आणि दुरूनच जाणवणाऱ्या गोड वासाचे. शेंग चपटी, पाच ते दहा सेंटिमीटर लांब. ती हिवाळाभर झाडावरच खुळखुळत राहते.

घोटाळा होतो तो हनी लोकस्टशी, म्हणजे ग्लेडिट्सियाशी. त्याचे काटे लांब, फाटे फुटलेले आणि थेट खोडावरही असतात. शेंगा हातभर लांब नि पिळवटलेल्या. नाव मधाचं असलं तरी मधासाठी प्रसिद्ध झाड ते नव्हे, हे.

कापलेलं लाकूड ओळखायची एक गंमत आहे. गाभा ताजा असताना हिरवट पिवळा दिसतो, उन्हात सोनेरी तपकिरी होतो, आणि मग तुतीच्या लाकडासारखा दिसू लागतो. नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च अंधारात त्यावर मारा. रोबिनियाचा गाभा पिवळसर हिरवा चकाकतो, तुती तशी चमकत नाही. जुना खांब असेल तर आधी रंध्याने एक पातळ पापुद्रा काढून ताज्या भागावर पाहा.

लावावं का?

हा प्रश्न आधी. कित्येक देशांत आणि प्रांतांत हे झाड आक्रमक परकी प्रजाती मानलं जातं. अमेरिकेतल्याच मॅसेच्युसेट्स राज्यात त्याची विक्री आणि लागवड बंद आहे. तेव्हा तुमच्या भागाचा नियम काय आहे ते वन किंवा कृषी खात्याकडून विचारून घ्या. नियम आड येत नसेल तरी तीन जागी मी ते लावणार नाही: कोरड्या गवताळ माळाशेजारी, कारण मुळांच्या गाठींतून जमिनीत नत्र वाढतं आणि हलक्या जमिनीवर जगणारी मूळची गवतं-रानफुलं मागे हटतात, घर, सांडपाण्याची टाकी किंवा पाइपलाइन यांच्या जवळ, कारण मुळं उथळ आणि लांब पळणारी, शिवाय वादळात फांद्या कडकन मोडतात, आणि घोडे बांधतात तिथे.

घोड्यांचं कारण गंभीर आहे. साल, पानं आणि बिया विषारी आहेत. त्यांतलं रोबिन नावाचं प्रथिन पोटात गेलं की पोटदुखी, सुस्ती, अशक्तपणा, हृदयाचे ठोके अनियमित होणं अशी लक्षणं दिसतात. कंटाळलेला घोडा ज्या झाडाला बांधला त्याचीच साल कुरतडतो, आणि बहुतेक प्रकरणं अशीच घडतात. गुरं आणि कोंबड्याही सुरक्षित नाहीत. शेळ्यांना पाला बराच सोसतो म्हणतात, पण तोच मुख्य चारा करू नये. लहान मुलं असतील तर शेंगा वेचून टाका.

जागा ठरली की हद्द आखा. सगळ्यांत सोपी हद्द म्हणजे नियमित कापला जाणारा गवताचा पट्टा, आठ-दहा मीटर रुंद. मुळांतून आलेले धुमारे त्यात कोवळे असतानाच छाटले जातात. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला नांगरटीचं शेत असेल तर निम्मं काम आपोआप होतं.

बी: नुसतं पेरलं तर रुसतं

शेंगा तपकिरी, कोरड्या झाल्या की काढा. एका शेंगेत साधारण चार ते आठ बिया. बी लहान, गडद तपकिरी, आणि त्याचं कवच पाणी आत घेत नाही. हवाबंद डब्यात, थंड जागी ठेवलं तर दहा वर्षंही टिकतं. पण तेच कवच उगवणीच्या आड येतं. तसंच पेरलं तर मोजकी रोपं यंदा येतील, काही पुढच्या वर्षी, बाकीची त्यांच्या मर्जीने.

सोपा उपाय गरम पाण्याचा. पाण्याला उकळी आणा, भांडं उतरवा, बुडबुडे थांबले की बी टाका आणि तसंच रात्रभर निवू द्या. बियांना उकळायचं नाही, आच बंद झाल्यावरच टाकायचं. सकाळी पाहिलं तर काही बिया दुप्पट फुगलेल्या दिसतील, काही जशाच्या तशा टणक. इथेच घाई होते. सगळं एकत्र पेरू नका. फुगलेल्या बिया अडकतील अशा छिद्रांच्या चाळणीतून काढा. खाली पडलेल्या टणक बियांना पुन्हा गरम पाणी द्या. दुसऱ्या, फार तर तिसऱ्या फेरीत बहुतेक सगळ्या कबूल होतात. बी मूठभरच असेल तर नेलकटरने प्रत्येकीच्या कडेला बारीक टवका काढला तरी चालतं. फक्त जिथे शेंगेला चिकटलेली खूण असते ती बाजू सोडा, कोंब तिथे असतो.

फुगलेलं बी वाळू न देता त्याच दिवशी पेरा. एक सेंटिमीटर खोल, भुसभुशीत, निचऱ्याच्या गादीवाफ्यावर. ऊब मिळाली तर आठवडा-दोन आठवड्यांत उगवतं. जिथे हे झाड आधी कधी वाढलेलं नाही तिथे गाठी धरणारे जिवाणू मातीत असतीलच असं नाही. अशा वेळी जुन्या रोबिनियाखालची ओंजळभर माती वाफ्यात मिसळा किंवा बियांना या झाडांच्या गटासाठीचं रायझोबियम (गाठी धरणाऱ्या जिवाणूंचं) संवर्धक चोळा. रोपं हाताएवढी झाली की विरळणी करून आठ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवा. पहिल्याच हंगामात ती गुडघ्यापासून कमरेपर्यंत जातात. काटे तेव्हा सगळ्यांत तिखट असतात, हातमोजे विसरू नका.

मुळाचा तुकडा: हुकमी रस्ता

सरळ वाढलेलं, चांगल्या फुलांचं एखादं झाड हेरलं असेल आणि तसंच हवं असेल तर बी उपयोगाचं नाही. बियांपासूनची पोरं आईवर जातीलच असं नाही. हंगेरीतल्या निवडक वाणांची रोपंही मुळांच्या तुकड्यांपासून करतात.

झाड झोपेत असताना, म्हणजे हिवाळा सरता सरता, खोडापासून जरा लांब उकरून पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड मुळं काढा. आठ ते दहा सेंटिमीटरचे तुकडे पाडा. तुकड्याचा खोडाकडचा शेंडा कोणता हे लगेच विसरायला होतं, म्हणून खोडाकडचा काप सरळ आणि दुसरा तिरका घ्यायचा, की गोंधळ नाही. सरळ काप वर ठेवून उभा लावा, वर दोन बोटं माती. खूण करायची राहिली तर आडवा टाका, तरी फुटतो.

एक अवांतर गोष्ट. शेताच्या बांधावर लावतात ते गिरिपुष्प रोबिनियाचं जवळचं नातेवाईक. १७६०मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय नावच रोबिनिया सेपियम असं ठेवलं होतं. गिरिपुष्पाची फांदी खोचली की रुजते, तसं इथे होईल या आशेने रोबिनियाच्या जून फांद्या खोचत बसू नका. याचा जीव मुळात आहे.

लागवड आणि पहिली चार वर्षं

भरपूर ऊन आणि निचरा, या दोन अटी सोडता मातीचे लाड नाहीत. रेताड, मुरमाड, खाणीतला उपसा, उताराची ओरबाडलेली जमीन, सगळं चालतं. पाणी साचणारी जागा आणि दाट सावली मात्र चालत नाही. रोपं पानगळीत, उघड्या मुळांनी हलवता येतात. खड्ड्यात नत्रखत घालू नका, ते काम झाड स्वतः करतं.

खांब आणि जळणासाठी दोन बाय दोन मीटर हे अंतर सोयीचं, हेक्टरी २,५०० झाडं होतात. एवढ्या जवळ लावण्यामागे हेतू आहे: शेजाऱ्यांच्या स्पर्धेत खोड सरळ वर जातं, खालच्या फांद्या आपोआप वाळतात. मोकळ्यावर एकटं लावलेलं झाड दोन मीटरवरच दुभंगतं आणि वेडंवाकडं पसरतं. मधासाठी मात्र तेच चांगलं, पसारा जास्त तेवढी फुलं जास्त.

पहिली दोन वर्षं बुडाशी गवत वाढू देऊ नका. छाटणी पानं असताना, हलक्या हाताने करायची. दरवर्षी झाडापुढे उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: शेंडा कोण? दोन शेंडे बरोबरीने वाढत असतील तर कमजोर अर्ध्यावर छाटा. तो मागे पडतो आणि जखमही लहान राहते. मोठी फांदी पाचव्या-सहाव्या वर्षी तोडण्यापेक्षा बोटाएवढी असताना दुसऱ्या वर्षी तोडलेली कधीही बरी.

खोडकिड्याचा त्रास या झाडाला त्याच्या माहेरी, अमेरिकेत होतो. त्याचा प्रौढ भुंगेरा काळ्या अंगावर पिवळे पट्टे मिरवत गांधीलमाशीचं सोंग आणतो. उन्हाळा संपताना तो गोल्डनरॉडच्या पिवळ्या फुलांवर दिसतो आणि सालीच्या भेगांत अंडी घालतो. अळी लाकूड पोखरते, त्या बोगद्यांतून पुढे गाभा कुजवणारी बुरशी शिरते. खोडावर ओघळणारा रस आणि भुसा ही खूण. उपासमार झालेली, हळू वाढणारी झाडं जास्त बळी पडतात, म्हणून दाटी झाली की विरळणी करणं हाच खरा बंदोबस्त. फार पोखरलेलं झाड हिवाळ्यातच तोडून जाळा.

तोडणी आणि खांब

जळणासाठी पाच-सात वर्षांत, खांबांसाठी पंधरा-वीस वर्षांत, फळ्यांसाठी तीस-चाळीस वर्षांत झाड हाताशी येतं. तोडल्यावर खुंटातून आणि मुळांतून फुटवा येतो. त्यातली सरळ, जोमदार एक-दोन ठेवा, म्हणजे पुढचं पीक नव्याने न लावता मिळतं.

खांब हेच या झाडाचं खरं काम. युरोपीय मानकात लाकडाच्या टिकाऊपणाचे पाच वर्ग आहेत, पहिला सर्वांत टिकाऊ. रोबिनियाचा गाभा पहिल्या ते दुसऱ्या वर्गात बसतो. म्हणजे कोणतंही रसायन न पाजता मातीत गाडता येणारं लाकूड, आणि थंड प्रदेशात वाढणाऱ्यांमध्ये ही पात्रता फारच थोड्यांची. गाभ्यात रोबिनेटिन आणि त्याच्या जातीची जी फ्लॅवोनॉइड द्रव्यं साठतात ती बुरशीला जड जातात. अमेरिकेतल्या लाकडी जहाजांच्या फळ्या जोडायच्या खुंट्यांसाठी याच लाकडाला मान होता.

पण हे सगळं गाभ्याबद्दल. सालीखालचा पांढुरका कच्चा थर कोणत्याही साध्या लाकडासारखा कुजतो. सुदैवाने तो बोटाच्या पेराहूनही पातळ असतो. शिवाय कोवळ्या झाडाचा गाभा जून गाभ्याइतका मुरलेला नसतो. पाच-सहा वर्षांच्या बारीक दांडक्यांचे खांब करून कुंपण घातलं आणि मग झाडाला नावं ठेवली, असं होऊ देऊ नका.

करायचं असं. बारा-पंधरा सेंटिमीटरचं खोड गोलच वापरा. त्याहून जाड असेल तर ओलं असतानाच फोडा. टोकाच्या कापावर आधीच पडलेली बारीक चीर शोधा, तिच्यावर पोलादी पाचर ठेवा आणि घणाने ठोका. पहिल्या दोन-तीन घावांत काही घडत नाही, मग तडतड असा लांब आवाज येतो आणि चीर खोडाच्या अंगावरून पुढे पळते. तिच्या मागोमाग बाजूने दुसरी पाचर घाला, पहिली सैल होते, ती काढून पुढे. गाठ आली तर तिच्याशी भांडू नका, उलट्या टोकाकडून या. फोडलेला खांब करवतीने चिरलेल्यापेक्षा बरा, कारण फाटताना रेषा धाग्याच्या वाटेने जाते. चिरताना धागे तिरके कापले जातात आणि पाण्याला वाटा मिळतात.

साल सोला. राहिली तर तिच्याखाली ओल आणि किडे दोन्ही मुक्काम करतात. वसंतात रस चढत असताना ती पट्ट्यांनी निघते, हिवाळ्यात तोडलेल्यावर मात्र तासून काढावी लागते. लाकडाला हिवाळी तोड चांगली आणि मनगटाला वसंतातली, तेव्हा निवड तुमची. सोललेली साल जनावरांच्या वाटेत टाकू नका.

एकूण लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत, आणि साठ सेंटिमीटरपेक्षा कमी कधीच नाही. खड्ड्याच्या तळाशी खडी, मग माती आणि खडी पहारेने ठोकत थराथराने. काँक्रीटच्या पेल्यात खांब बसवायची हौस मला पटत नाही, लाकूड आणि काँक्रीट यांच्या फटीत पाणी अडकून राहतं. वरचं टोक तिरकं कापा. खिळे आणि तारेचे यू खिळे लाकूड ओलं असताना ठोकून घ्या. वाळलेल्या रोबिनियात खिळा जात नाही, वाकतो. मग आधी ड्रिलने भोक पाडण्यावाचून गत्यंतर नाही.

फळ्या, दांडे, बाकडी

वाळलेल्या लाकडाचं वजन घनमीटरला ७०० ते ८०० किलो. कुऱ्हाडीचे आणि फावड्याचे दांडे, बागेतली बाकडी, पायऱ्या, पूल, बाहेरची फरशी, मुलांच्या खेळाच्या मैदानातले खांब, सगळ्याला ते चालतं. युरोपात उष्ण प्रदेशातल्या लाकडाला पर्याय म्हणून त्याची मागणी आहे.

अडचण वाळवण्यात. हे लाकूड घाईने वाळलं की पिळतं आणि चिरतं. ओंडका पाडला की त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग फासा. फळ्या पाडून, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन, सावलीत थप्पी लावा आणि वर वजन ठेवा. माझ्या पहिल्या थप्पीत दोन पट्ट्या जरा कमी जाडीच्या पडल्या होत्या. वर्षाने काढलेल्या फळ्यांपैकी चार नावेच्या फळीसारख्या वळल्या होत्या आणि मग त्या सरळ झाल्या नाहीत. एक इंच जाडीला उघड्यावर वर्षभर तरी धरून चाला. लांब सरळ फळी मुळातच दुर्मीळ, म्हणून आराखडा लहान तुकड्यांचा करा. बाहेरच्या कामाला स्टेनलेसचे स्क्रू वापरा, साध्या लोखंडाने ओल्या लाकडावर काळे ओघळ उमटतात. घासताना-कापताना मास्क लावाच, भुसा नाकाडोळ्यांना झोंबतो.

जळण म्हणून ते पहिल्या प्रतीचं: दाट, सावकाश जळणारं, निखारा टिकवणारं. मात्र ओलं असतानाच फोडून ठेवा आणि साल काढता आली तर काढा, तिच्या धुराला वास येतो.

फुलं आणि मध

बाजारात अकेशिया हनी म्हणून मिळणारा, जवळजवळ पाण्यासारखा फिका मध बाभळीचा नसतो, तो रोबिनियाचा. त्यात ग्लुकोजच्या मानाने फ्रुक्टोज जास्त, म्हणून तो महिनोन् महिने गोठत नाही. बहर जेमतेम दहा दिवसांचा. त्यात उशिराचं हिव पडलं किंवा पावसाने झड लावली की हंगाम गेला. म्हणून मधमाश्यांच्या पेट्या कळ्या पांढऱ्या दिसू लागताच नेऊन ठेवा आणि तोवर वसाहत भरलेली असू द्या. उतारावर लागवड असेल तर खालच्या झाडांचा बहर आधी येतो, वरच्यांचा नंतर. पेट्या चढवत नेल्या तर काही दिवस वाढवून मिळतात. बहर संपताच मध काढला तर शुद्ध राहतो, पुढच्या फुलांचा मिसळला की रंग गडद होतो.

फुलं खाता येतात, आणि या झाडाचं तेवढंच खाता येतं. नुकते उमललेले घोस सकाळी, दव सुकल्यावर तोडा. देठ, पान, कोवळी शेंग काही राहू देऊ नका, घोसाच्या मधल्या दांडीवरून बोटांनी फुलं ओरपून घ्या. पिठात बुडवून तळता येतात, किंवा साखरेच्या पाकात लिंबाबरोबर दिवसभर मुरवून गाळलं की सुवासिक सरबत होतं. फुलं धुतली की निम्मा वास पाण्याबरोबर जातो, म्हणून झटकून, किडे काढून वापरा. रस्त्याकडेची, फवारलेली फुलं नकोतच. अशाच लोंबत्या पण पिवळ्या घोसांचं लॅबर्नम विषारी आहे, तसेच घोस येणारा विस्टेरियाचा वेलही धोक्याचा. ओळखीबद्दल शंका असेल तर घोस झाडावरच राहू द्या.

हटवायचं असेल तर

नुसतं तोडणं ही इथे सर्वांत मोठी चूक. एक खोड जातं आणि पुढच्या हंगामात दहा-बारा मीटरच्या घेऱ्यात वीस-पंचवीस काटेरी धुमारे उभे राहतात. वरचं डोकं गेलं की मुळं जागी होतात.

युरोपात यावर एक शांत उपाय वापरतात. खोडाभोवती छातीच्या उंचीवर वीतभर रुंद पट्ट्यात साल आणि तिच्याखालचा ओला थर काढायचा, पण पूर्ण कडं करायचं नाही. घेराचा दहावा हिस्सा, एक अरुंद पूल, तसाच ठेवायचा. पानांतून मुळांकडे जाणारं अन्न त्या पुलावरून जेमतेम झिरपतं. झाडाला आपण मेलोय असं वाटत नाही, म्हणून ते धुमारे सोडायची घाई करत नाही आणि मुळांतला साठा रिता होत जातो. पुढच्या उन्हाळ्यात तो पूलही काढायचा. जखमेवर वर्षभरात नवी साल चढत असेल तर ती खरवडायची. झाड वाळून पूर्ण मेल्यावरच तोडायचं, तेही वारा नसताना, कारण वाळलेल्या फांद्या वरून तुटून पडतात.

त्यानंतरही काही वर्षं, हंगामात दोनदा, जागेवर फेरी मारा. धुमारा वीतभर असताना उपटला तर हाताने निघतो, कमरेएवढा झाला की कुदळ लागते. जमिनीत पडून राहिलेलं बी उजेड मिळताच उगवतं, म्हणून मोकळी झालेली जागा उघडी न ठेवता लगेच स्थानिक गवत किंवा झुडपं लावून झाका.